ब्रिस्टल : दानशूराचा पुतळा आणि पेरोचा पूल

मे २०२४ मध्ये, उन्हाळ्याच्या सुटीत, इंग्लंडमधील ब्रिस्टल या जुन्या बंदरनगरीत नऊ दिवस राहण्याची संधी मला मिळाली. माझी मुलगी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर तेथील विद्यापीठात शिकत होती. तिच्याच खोलीवर माझा मुक्काम होता. परत आल्यावर सहकाऱ्यांनी छायाचित्रे पाहिली, विद्यार्थ्यांनी चॉकलेटे खाल्ली आणि विषय संपला. आता स्मरणिकेच्या संपादक मंडळाने प्रवासवर्णन मागितले आहे. इतिहास शिकविणाऱ्या बाईकडे प्रवासवर्णन मागितले की त्यात निसर्ग थोडा आणि फलक फार येतात, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावे.

ब्रिस्टल समुद्रकिनाऱ्यावर नाही. एव्हन नदीच्या मुखापासून सुमारे दहा किलोमीटर आत, टेकड्यांच्या कुशीत ते वसले आहे. या भागात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चाळीस फुटांपर्यंत फरक पडतो. पूर्वी ओहोटी लागली की नदीतले पाणी निघून जाई आणि मालाने भरलेली जहाजे चिखलात कलंडून पडत. विल्यम जेसप या अभियंत्याने नदीचा प्रवाह नव्या कालव्यातून वळविला, जुन्या पात्राला दरवाजे बसविले आणि १८०९ पासून शहराच्या मध्यभागी पाण्याची पातळी कायम राहू लागली. त्याला तेथे 'तरते बंदर' म्हणतात. पाणी अडविणे म्हणजे काय, हे डिंभ्याच्या माणसाला कोणी सांगायला नको. आपल्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार विलायती कापडाच्या मोटारीपुढे मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी चिरडला गेला. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते आंबेगाव मात्र याच जलाशयाच्या पाण्याखाली गेले. म्हणून साठविलेले पाणी पाहिले की त्याच्या तळाशी काय असेल, हा विचार माझ्या मनात येतोच. ब्रिस्टलच्या पाण्याच्या तळाशी काय सापडले, ते पुढे येईल.

आज या बंदरात माल उतरत नाही. १९७५ मध्ये शहरातील गोद्या व्यापारी जहाजांना बंद झाल्या. मोठी जहाजे आता नदीच्या मुखाशी एव्हनमथला लागतात. जुन्या गुदामांत संग्रहालये, चित्रगृहे आणि कॉफीची दुकाने आली आहेत. एका बाजूस 'एस. एस. ग्रेट ब्रिटन' हे जहाज कोरड्या गोदीत उभे आहे. ब्रुनेल या अभियंत्याचे हे लोखंडी जहाज १८४३ मध्ये येथेच पाण्यात सोडले गेले आणि अनेक वर्षे फॉकलंड बेटांच्या किनाऱ्यावर पडून राहिल्यावर १९७० मध्ये ओढून परत आणले गेले. ब्रुनेलचाच क्लिफ्टनचा झुलता पूलही पाहिला. उंच आहे, सुंदर आहे, आणि त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. जहाजावर मात्र मी जास्त वेळ थांबले. १८५७ च्या उठावात याच जहाजातून १७ वी लान्सर्स ही घोडदळाची पलटण मुंबईस उतरली होती आणि हीच पलटण पुढे तात्या टोपे यांच्या पाठलागावर गेली.

१८५७ विषयी, किंबहुना एकूण इंग्रजी अमलाविषयी, आपल्या समाजाचे मत पाठ्यपुस्तकाइतके सरळ नाही. पेशवाईने ज्यांना सावलीपुरतीही जागा ठेवली नाही, त्यांना इंग्रजांच्या पलटणीत बंदूक मिळाली. सुभेदार रामजी पलटणीच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून भिवाच्या घरात पुस्तके होती. आणि त्याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. जे दार आपल्यासाठी उघडले ते कोणत्या पैशातून बांधले होते, हे पाहणे मला कृतघ्नपणाचे वाटत नाही. ब्रिस्टलमध्ये मी बहुतेक वेळ तेच पाहत होते.

१६९८ ते १८०७ या काळात ब्रिस्टलमधून गुलामांच्या व्यापारासाठी २,००० हून अधिक सफरी निघाल्या. येथून पितळी भांडी, कापड, बंदुका आणि दारू घेऊन जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जात. तेथे त्या मालाच्या बदल्यात माणसे घेत. ती माणसे वेस्ट इंडीज आणि अमेरिकेत विकत. आणि साखर, रम, तंबाखू भरून परत येत. सुमारे पाच लाख माणसे एवढ्या एकाच बंदराच्या जहाजांनी वाहून नेली, असा अंदाज इतिहासकार करतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण दर वर्षी वर्गात सांगतो. ती गुलामगिरी कोणत्या धक्क्यावरून निघाली, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या अर्पणपत्रिकेचे वजन वेगळे वाटते.

ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर सात क्रमांकाचे घर आहे. जॉन पिनी या साखरमळ्यांच्या मालकाने ते १७९० च्या सुमारास बांधले. आता ते नगरपालिकेचे संग्रहालय आहे. भिंती, खुर्च्या, चिनी मातीची भांडी, तळघरात थंड पाण्याने स्नान करण्यासाठी दगडी हौद, सगळे नीटनेटके आहे. या घरात पेरो नावाचा एक सेवक राहत असे. वेस्ट इंडीजमधील नेविस बेटावर पिनीने त्याला १७६५ मध्ये विकत घेतले, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याच्यासोबत नॅन्सी आणि शीबा या त्याच्या दोन बहिणीही विकत घेतल्या गेल्या. पेरोला केशकर्तनाचे काम शिकविण्यात आले. पिनी कुटुंब १७८३ मध्ये इंग्लंडला आले तेव्हा तो मालकाचा खासगी सेवक म्हणून सोबत आला आणि १७९८ मध्ये वारला. बहिणी नेविसवरच राहिल्या. आपल्या सातवीच्या वर्गातील मुले बारा वर्षांची असतात. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात ती रात्री कशी रडतात, हे अधीक्षकांना आणि आम्हा शिक्षकांना माहीत आहे. आणि त्यांचे आईबाप तर चार डोंगरांपलीकडेच असतात.

बंदरावरील एका पादचारी पुलाला १९९९ मध्ये पेरोचे नाव दिले गेले. पुलाच्या मध्यावर दोन भले मोठे शिंगांसारखे आकार आहेत. मधला भाग जहाजांसाठी उचलता यावा म्हणून तोल सांभाळणारी ती वजने आहेत. मी पुलावर उभी असताना शाळकरी मुले आइस्क्रीम खात पळत गेली. पेरो कोण, हे त्यांना ठाऊक असेल किंवा नसेल; पण घरी विचारले तर 'पेरोच्या पुलावर होतो' असेच ती सांगणार.

आता या शहराच्या दानशूराकडे येते. एडवर्ड कोल्स्टन १६३६ मध्ये ब्रिस्टलमध्ये जन्मला आणि १७२१ मध्ये वारला. शाळा, वृद्धांसाठी निवास, चर्च, रुग्णालये यांना त्याने अमाप पैसा दिला. तो रॉयल आफ्रिकन कंपनीचा उपगव्हर्नर होता. तो कंपनीत होता त्या काळात कंपनीने सुमारे ८४,००० आफ्रिकी स्त्री-पुरुष आणि मुले वाहून नेली. त्यांपैकी सुमारे १९,००० वाटेतच मेली. त्याच्या मृत्यूनंतर १७४ वर्षांनी, १८९५ मध्ये, शहराने त्याचा कांस्य पुतळा उभारला आणि शहराच्या सद्गुणी आणि सुज्ञ पुत्रांपैकी तो एक होता असे खाली कोरले. त्याच्या नावाच्या शाळेत मुली त्याच्या स्मरणदिनी शेवंतीची फुले लावून जात, कारण शेवंती त्याला आवडत असे.

दान हा शब्द आपल्या परिसरात दगडावर कोरलेला आहे. जुन्नरच्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्खुसंघाला भोजनमंडप दिला. हा पैसा व्यापाराचा होता. नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणाऱ्या मालाचा होता. आपल्या बंदरांचे हात स्वच्छ होते असे मी वर्गात शिकवीत नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचच्या राजासाठी आणल्या जाणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात मद्य आणि चांदीच्या भांड्यांबरोबर गाणारी मुले आणि सुंदर मुलीही आहेत. परंतु तथागतांनी उपासकाला निषिद्ध सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्याबरोबर जिवंत प्राण्यांचा व्यापार येतो आणि अट्ठकथेत त्याचा अर्थ माणसांचा विक्रय असा दिला आहे. म्हणजे दानाची पावती फाडण्यापूर्वी पैसा कोठून आला हे विचारण्याची कसोटी आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. ती आपण नेहमी वापरली का, हा वेगळा प्रश्न. देणग्यांवर चालणाऱ्या आपल्यासारख्या विद्यालयात तो विचारणे अवघड आहे, म्हणून येथेच लिहून ठेवते.

७ जून २०२० रोजी, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर निघालेल्या मोर्चात, ब्रिस्टलच्या तरुणांनी कोल्स्टनचा पुतळा दोर लावून पाडला, रस्त्यावरून लोळवीत नेला आणि पेरोच्या पुलाजवळ बंदरात फेकून दिला. चार दिवसांनी महापालिकेने तो तळातून काढला. साफ करताना त्याच्या कोटाच्या घडीत १८९५ सालचे एक नियतकालिक गुंडाळलेले सापडले; पुतळा बसविणाऱ्या कामगारांनी त्यावर आपली नावे हाताने लिहून ठेवली होती. सव्वाशे वर्षे ती नावे दानशूराच्या पाठीशी दडून होती. आता हा पुतळा बंदराकाठच्या 'एम शेड' या संग्रहालयात आडवा ठेवला आहे. अंगावरचा लाल-निळा रंग तसाच ठेवला आहे. प्रवेश विनामूल्य आहे. मी त्याच्याजवळ बराच वेळ उभी राहिले. उभा असताना तो माझ्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच असणार. आडवा पडल्यावर त्याचा चेहरा माझ्या कमरेखाली येत होता.

मला आनंद झाला का? माझ्या मुलीने हाच प्रश्न विचारला. झाला, हे खरे. पण त्याबरोबर घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर डोळ्यांपुढे आले. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्या वस्तीवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे गेली. आपल्याकडे गावोगाव बाबासाहेबांचे पुतळे लोखंडी जाळीत ठेवावे लागतात. रात्रीच्या अंधारात पुतळ्यापाशी कोण काय करून जाईल या भीतीने जागणारी माणसे मी पाहिली आहेत. पुतळ्यावर पडणाऱ्या हाताची आपल्याला दहशत आहे, आणि तीच मी पडलेल्या पुतळ्यापाशी उभी राहून समाधान मानत होते.

"आई, दोन्ही सारखे कसे? एकाने माणसे विकली, दुसऱ्याने माणसे उभी केली," ती म्हणाली.

तिचे म्हणणे योग्यच आहे. पण विटंबना करणाऱ्यालाही आपले म्हणणे योग्यच वाटत असते, म्हणून माझ्या लेखी फरक आणखी एका ठिकाणी आहे. ब्रिस्टलमध्ये पुतळा हलवा, निदान खाली गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख करणारा फलक लावा, अशी मागणी अनेक वर्षे अर्ज-विनंत्यांनी चालली होती. २०१८-१९ मध्ये नव्या फलकाच्या मजकुरावर इतका वाद झाला, शब्द इतके सौम्य होत गेले, की महापौर मार्विन रीस यांनीच तो नाकारला. रीस यांचे वडील जमैकाचे. फलक लागलाच नाही. पुतळा पाडणे हे त्यानंतरचे आहे. आणि ते भर दुपारी, हजारो लोकांसमोर, तोंड न लपविता झाले. चौघांवर खटला चालला. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरविले. आपल्याकडे जयपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा १९८९ पासून उभा आहे. तो हलविण्याचा ठराव त्याच वर्षी झाला आणि त्याला स्थगितीही मिळाली. २०१८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या दोन भगिनींनी त्याला काळे फासले, तेव्हा त्यांना अटक झाली. पुतळा तेथेच आहे.

नाव बदलण्यातही ब्रिस्टल एकमार्गी नाही. कोल्स्टनच्या नावाचे संगीतगृह आणि मुलींची शाळा यांची नावे बदलली. विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या बोधचिन्हातून कोल्स्टनचे चिन्ह असलेला डॉल्फिन काढला, पण विल्स मेमोरियल या भव्य इमारतीचे नाव ठेवले. विल्स म्हणजे तेच, ज्यांच्या नावाची सिगारेट आपल्या पानटपरीवर मिळते. या घराण्याचा तंबाखूचा धंदा ब्रिस्टलमध्ये १७८६ मध्ये सुरू झाला आणि अमेरिकेतील गुलामांनी पिकविलेल्या तंबाखूवर वाढला. इमारत देखणी आहे. माझी मुलगी रोज तिच्यासमोरून जात होती, आणि तिच्या शिष्यवृत्तीवर नाव होते ते शाहू महाराजांचे.

आर्नोस व्हेल स्मशानभूमीत राजा राममोहन रॉय यांची छत्री आहे. २७ सप्टेंबर १८३३ रोजी ते ब्रिस्टलमध्ये वारले. वसाहतींतील गुलामगिरी संपविणारा कायदा त्याच्या महिनाभर आधी मंजूर झाला होता. भरपाईचे दोन कोटी पौंड त्या कायद्याने मालकांना दिले, गुलामांना काही नाही. याच स्मशानभूमीत मेरी कार्पेंटर यांची समाधी आहे. त्यांनी १८६६ मध्ये भारतात येऊन मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करण्याचा आग्रह धरला. त्यांच्याविषयी मला आदर आहे. मात्र पुण्यात एक शिक्षिका त्याच्या अठरा वर्षे आधीच भिडेवाड्यात उभी होती, हे मी माझ्या मुलीला तेथे ऐकविल्याशिवाय राहिले नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र मी बसस्थानकात घालविला. तेथे १९६३ च्या बस बहिष्काराचा फलक आहे. त्या काळी ब्रिस्टल ऑम्निबस कंपनीला कर्मचारी मिळत नव्हते, तरी काळ्या आणि आशियाई माणसांना चालक-वाहक म्हणून घेतले जात नसे. तेथील कामगार संघटनेने १९५५ मध्ये तसा ठरावच केला होता. पॉल स्टीफन्सन या तरुण कार्यकर्त्याने गाय बेली या अठरा वर्षांच्या मुलासाठी मुलाखत ठरविली. मुलगा वेस्ट इंडीजचा आहे हे कळताच ती रद्द झाली. ३० एप्रिलला बहिष्कार सुरू झाला. लोक पायी चालले, विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले, त्रिनिदादचे उच्चायुक्त आणि पूर्वीचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी पाठिंबा दिला. २८ ऑगस्टला कंपनी नमली; वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्रसिद्ध भाषण झाले तोच दिवस. १७ सप्टेंबरला पहिला गौरेतर वाहक कामावर आला. त्याचे नाव रघबीर सिंग.

माझी आजी एस.टी.विषयी फार आपुलकीने बोलत असे. १९४८ मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि काही वर्षांनी ती आमच्या फाट्यापर्यंत आली. "तिकीट एक, बाकडं एक," ती म्हणायची. गाडीतून उतरून गावात शिरले की पुन्हा वेगळी वाट असे, पण गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत कोणी उठवीत नसे. लहानग्या भिवाला मसूर स्टेशनावर गाडीवानाने बैलगाडीत घेतले ते दुप्पट भाडे घेऊन, आणि स्वतः पायी चालत. गाडी मुलांनाच हाकावी लागली. आपल्या राज्यघटनेने १९५० मध्येच अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ मध्ये तिच्यासाठी शिक्षेचा कायदा आला. नोकरी देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा इंग्लंडमध्ये १९६८ मध्ये झाला. कायद्यात आपण पुढे होतो.

संघटनेच्या ठरावाजवळ माझे मन अडकले, कारण मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना काम नव्हते. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीने ते विटाळते असे सवर्ण कामगार मानत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा त्यांची अडचण झाली. ब्रिस्टलच्या संघटनेच्या वारसांनी २०१३ मध्ये जाहीर माफी मागितली. विणखात्याबद्दल अशी माफी माझ्या वाचनात आलेली नाही.

येताना आपल्या ग्रंथालयासाठी बंदराचा एक मोठा नकाशा आणला. तो इतिहासाच्या खोलीत लावला आहे. नववीच्या मुलांनी त्यात पेरोचा पूल शोधून काढला आणि नकाशाच्या मोकळ्या समासात पेन्सिलीने आफ्रिका, नेविस आणि जहाजांची वाट काढली. नेविस बेट त्यांनी फारच मोठे काढले आहे. पुढच्या आठवड्यात नाणेघाटाची सहल आहे; मुलांनी वह्या आणि दोन दिवसांची भाकरी सोबत घ्यावी, असे वर्गात सांगितले आहे.